सर, राब वाऱ्यात पेटवत नाहीत

सर,

तुमच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. मला त्यात थोडी जागा दिली आहे. "तू त्यांची सगळ्यात लाडकी, तुझ्याशिवाय अंक पुरा कसा होणार," असं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाले, "जरा हृद्य लिही हं." मी तीन दिवस हृद्य लिहून पाहिलं. 'वटवृक्ष' लिहिलं, खोडलं. 'दीपस्तंभ' लिहिलं, खोडलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेला आहात. वाद अंगावर यायला लागला की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचात आणि म्हणायचात, "चल, चहा सांगू." या वेळी चहाही सांगितला नाहीत.

तुमचं तेरावं होऊन तीन आठवडे झाले. शोकसभेत सगळे रडले, मी रडले नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं मला धक्का बसला आहे. मला राग आला होता, सर. अजून आहे.

वाचणाऱ्यांना आपलं भांडण ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हालाही ऐकावं लागेल. मध्येच बोलता येणार नाही, एवढं एक बरं आहे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हरसूलच्या शाळेतून नाशिकच्या कॉलेजात आलेली, पाड्यावरची पहिली. पहिलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडलं की 'हाय' आणि 'नाय' बाहेर पडायचं आणि मागचा बाक हसायचा. तुम्ही एकदा प्रयोगशाळेत मला विचारलंत, "तुमच्या गावावरचं ते पठार, त्याच्यावर माणसं राहतात का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "रस्ता?" नाही. "वीज?" नाही. तुम्ही इतके खूश झालात की मला कळेना, आमच्याकडे काहीच नसल्याचा एवढा आनंद कुणाला का व्हावा.

मग तुम्ही थेट घरी आलात. आमच्या ओट्यावर बसलात, बाबांच्या शेजारी, खाली मांडी घालून. तो दिवस मी विसरलेले नाही, आणि आजही तो मला तुमच्या विरुद्ध वापरता येत नाही, याचाच जास्त त्रास होतो.

"पोरगी काय काम करंल तिथं वर?" बाबांनी विचारलं.

"हवा मोजेल."

"हवा?" बाबा हसले. "ती तं फुकट हाय, सायेब. मोजून काय बाजारात न्यायची?"

तुम्ही एवढे हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग म्हणालात, "नाशिकची हवा किती बिघडली हे सांगायचं, तर चांगली हवा कशी असते ते आधी मोजायला नको का? ती तुमच्याकडे आहे, बाबा. म्हणून आलो."

बाबांनी ते वाक्य वर्षभर मिरवलं. हरसूलच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या डोंगरावरची हवा एक नंबर. नाशिकवाले मोजाया येतेत." माझी वसतिगृहातली जागा, जातपडताळणीचा अडकलेला कागद, एम.एस्सी.चा प्रवेश, सगळीकडे तुम्ही स्वतः गेलात. एका कचेरीत तुम्ही बाकावर चार तास बसलात, माझ्यासाठी. तुमच्या घरी काकूंनी मला स्वेटर विणून दिला, कारण पठारावर थंडी फार. मी पदवीधर आहे ती तुमच्यामुळे. हे मी कुठेही नाकारलेलं नाही. तुम्ही कुणी परके असता तर मी एवढ्यात तुम्हाला विसरून गेले असते.

पठारावर आपण पत्र्याची खोली उभारली. गाडीरस्ता संपला की दोन तासांची चढण. सौर पट्टी, तिच्यावर चालणारा पंप, वाऱ्याचा वेग आणि दिशा टिपणारं यंत्र, आणि पांढऱ्या गोल कागदांचे डबे. पंप दिवसरात्र हवा ओढायचा आणि हवेतली धूळ-काजळी त्या कागदावर बसायची. रोज सकाळी आठला कागद बदलायचा, जुना डबीत बंद करायचा, नाशिकला आणून वजन करायचं. सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळाभर मी जायची, उरलेले दिवस लहानूदादा बघायचे. लहानूदादा म्हणजे आपण नेमलेले राखणदार, माझ्या बाबांच्या वयाचे. मी डबी उघडली की त्यांचा ठरलेला प्रश्न, "आज कागद काळा का गोरा, मॅडम?" आणि तुम्ही वर आलात की, "हवावाले सायेब आले, आता सगळ्यांनी हळू श्वास घ्या रे."

कागद चिमट्यानेच धरायचा हे तुम्ही शिकवलंत. पहिल्या दिवशी मी तोंड जवळ नेलं तर ओरडलात, "मंगल, श्वास धर! तुझा श्वाससुद्धा या कागदासाठी घाण आहे." मी हसले. त्यानंतर चार वर्षं मी कागद बदलताना श्वास धरला आहे. तुम्हाला तसं काही म्हणायचं नव्हतं, मला माहीत आहे. पण पुढे अहवालात तुम्ही नेमकं तेच म्हणालात, आणि ते माझ्या एकटीच्या श्वासाबद्दल नव्हतं.

वहीत शेवटी एक रकाना होता, 'शेरा'. तुमची सूचना होती, "जे दिसतं ते लिहायचं. जे वाटतं ते लिहायचं नाही." मी अक्षरशः पाळली. धुकं दिसलं, धुकं लिहिलं. गुरं दिसली, गुरं लिहिलं. चैत्र-वैशाखात सकाळी पठाराच्या कडेवर उभं राहिलं की खाली दरीत धूर दिसायचा. मी लिहायची, 'राब'. 

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची रोपं जिथे टाकायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. झाडाच्या बारीक फांद्या, पाला, शेण, वाळलेलं गवत असे थर द्यायचे, वरून माती भुरभुरायची आणि धुमसत ठेवायचं. तणाचं बी जळतं, मातीला ताकद येते. त्याला राब भाजणं म्हणतात. माझ्या पणज्यानं भाजला, बाबा भाजतात, मीही लहानपणी हातात ओला डहाळा घेऊन कडेला उभी राहिले आहे.

तर मी 'राब' लिहीत गेले. दोन उन्हाळे. आणि त्याच दिवसांत आपले कागद काळे यायला लागले. चांगली हवा मोजायला गेलेलो आपण, आणि हवा चांगली निघेना. तुम्ही अस्वस्थ होतात. अहवालाची मुदत जवळ आली होती आणि पैसे देणारे विचारत होते, एवढ्या उंचावर, एवढ्या दुर्गम जागी काजळी आली कुठून? तुम्ही माझी वही चाळलीत आणि तुम्हाला उत्तर सापडलं. अहवालात तुम्ही लिहिलंत, उन्हाळ्यात या उंचीवरची हवा बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे स्थानिक आदिवासींची राब जाळण्याची पद्धत.

नाशिकला सभागृहात तुम्ही तो अहवाल वाचलात. ते वाक्य आलं तसं थांबलात, मला उभं केलंत आणि म्हणालात, "ही मंगल. त्याच पाड्यावरची मुलगी. नोंदी हिच्या स्वतःच्या हातच्या आहेत." टाळ्या झाल्या. मी नवी साडी नेसले होते. मी हात जोडले. मला अभिमान वाटला, सर. हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण मला खरोखर अभिमान वाटला. तुम्ही मला माझ्याच माणसांविरुद्ध साक्षीला उभं केलंत आणि मी नमस्कार केला.

पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत. तुम्ही वर येणं बंद केलं होतं, गुडघे दुखत होते. मी पाहिला. जंगलाचं काम बघणारा एक माणूस पाड्यावर कागद घेऊन आला. राब बंद, फांद्या तोडणं बंद. रचून ठेवलेले राब त्याच्या माणसांनी पायांनी विसकटले. चिमाबायचे दोन कोयते घेऊन गेले. चिमाबाय आमच्या शेजारी राहते, एकटी, तिचं सगळं नागलीवर. तिनं त्या माणसाला विचारलं, "का रं बाबा, हे कुनी सांगितलं?" त्यानं कागद पुढे केला. "तुमच्याच पोरीनं मोजलंय. वर नाशिकपर्यंत गेलंय."

त्या वर्षी रोपांत तणच जास्त उगवलं. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या पाठीमागे एकीनं फक्त एवढंच म्हटलं, "हळू बोला गं, मोजंल ती." आणि सगळ्या हसल्या.

मी बाबांना पटवायला गेले. एम.एस्सी. झालेली मुलगी, आकडे घेऊन. वाऱ्याच्या यंत्रासोबत एक छोटं यंत्र होतं, दर तासाची काजळी टिपणारं. त्याची चिप आपण कधी नीट वाचलीच नाही, असं मला वाटत होतं. अहवालाला रोजच्या कागदाचं वजन पुरलं होतं. मी ती उघडून तक्ता काढला होता, बाबांना दाखवायला की बघा, माझं खोटं नाही, आकडेच तसे आहेत. बाबा चुलीपाशी नागलीची भाकरी खात होते. मी वाचत होते.

"ह्या दिवशी शेऱ्यात राब आहे. दुपारी तीनला काजळी एकदम चढली. वारा जोरात होता..."

"थांब," बाबा म्हणाले. "वारं व्हतं?"

"हो. चांगलंच."

"मंग राब कुटला?"

मी तक्त्यावर पुन्हा बोट ठेवलं, तारीख बघायला.

"वारं असताना राब कोन पेटवंल? येडी का खुळी? सगळा डोंगर पेटंल ना. तुला कितीदा चिमूटभर राख उडवाया लावली मी, ध्यानात नाय?"

ध्यानात होतं. पहाटे बाबा मला शेताच्या मधोमध उभं करायचे, चिमटीत राख देऊन. राख सरळ खाली पडली तर पेटवायचं. जरा कलली तरी त्या दिवशी काम बंद. राबाचा धूर खांबासारखा उभा राहिला पाहिजे. वारा सुटायच्या आत, उन्हं चढायच्या आत सगळं उरकायचं. हे कुणी शिकवलं असं मला कधी वाटलंच नव्हतं, ते मला येतच होतं. म्हणून तर ते माझ्या डोक्यात राहिलं नाही. कॉलेजात शिकलेल्या गोष्टी मी वहीत ठेवल्या. ही वहीत नव्हतीच.

त्या आठवड्यात मी दोन्ही उन्हाळ्यांचे तक्ते समोरासमोर ठेवले. राबाचा धूर सकाळचा. वारा नाही, म्हणून तो दरीतच बसून राहिलेला. वर पठारावर त्या वेळी काजळी जवळजवळ नाही. थोडा धूर उन्हं चढल्यावर वर येतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण कागद काळे करणारी काजळी आली होती ती दुपारी, वारा सुटल्यावर, आणि वारा होता पूर्वेकडचा, शहराच्या बाजूचा. गाड्या, भट्ट्या, कचरा, काय काय. राबाच्या धुराचा डाग पिवळट तपकिरी येतो, हे मी नंतर मुद्दाम राबाजवळ कागद धरून पाहिलं. आपले कागद पाटीसारखे काळे होते. नाशिकचा धूर आमच्या डोंगरावर चढला होता, आणि तुम्ही तो आमच्या नावावर लिहून टाकला होता.

माझी चूक मोठी आहे. सकाळी आठला कडेवरून दिसलेला धूर मी चोवीस तासांच्या कागदासमोर लिहिला. जे दिसलं ते लिहिलं आणि वाऱ्याच्या तक्त्याकडे मान वळवली नाही. पण मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि तुम्ही माझे सर होतात.

मी गंगापूर रोडवरच्या घरी तक्ते घेऊन आले. काकू पोहे करत होत्या. तुम्ही तक्ता हातात घेतलात, लांब धरून पाहिलात, खाली ठेवलात.

"छान काम केलंयस," तुम्ही म्हणालात. "पुढच्या अहवालात घेऊ."

"सर, पाड्यावर राब बंद केलेत. पुढच्या अहवालापर्यंत दोन उन्हाळे जातील. एक पत्र पाठवलं तर..."

"अगं, गेलेला अहवाल असा परत बोलवत नाहीत. माझं सोड, तुझं नाव आहे त्याच्यावर. पीएच.डी.ला जायचंय ना तुला?"

"वाक्य चुकीचं आहे, सर."

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. मग ते बोललात, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

"मंगल, शेरा कुणाचा आहे? मी तर तिथे नव्हतो. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

काकू पोहे घेऊन बाहेर आल्या. मी ते खाल्ले. अजून मला पोह्यांची चव आठवते आणि किळस येते, काकूंचा काही दोष नसताना. बसमध्ये बसले तेव्हा मला वाटत होतं, सर खरं बोलले, सगळं माझ्यामुळे झालं. चार महिने मला हेच वाटत राहिलं. तुमचा तीनदा फोन आला. मी उचलला नाही. रागानं नाही, सर. लाज वाटत होती म्हणून. आणि चौथा फोन आला तो तुम्ही गेल्याचा होता.

तेराव्याला काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक फाइल हातात ठेवली. "तुमच्या कामाचीच आहे. तुला त्यांचं अक्षर बघून बरं वाटेल," म्हणाल्या. अहवालाचा कच्चा मसुदा होता, पाठवण्याआधीचा. मी तुमचं अक्षर ओळखते. तुम्ही 'ळ' चुकीचा काढायचात. त्या वाक्यासमोर, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'वारा? दुपारचे आकडे जुळत नाहीत. मंगलला विचारणे.'

तुम्ही मला विचारलं नाहीत.

सर, तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी धरून चालले होते. वय झालं, मुदतीची घाई, पोरीच्या वहीवर भरवसा. त्यात मी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं. पण तुम्हाला आधी कळलं होतं. माझ्याआधी, बाबांआधी. बाबांना कळायला भाकरीचा एक घास लागला, तुम्हालाही कळलं होतं, आणि तरी तुम्ही मला सभागृहात उभं केलंत. आणि त्याच्यानंतर, तुमच्या सोफ्यावर, सगळं ठाऊक असताना, मला म्हणालात, मी तुझ्यावर विश्वास ठेवला. चार महिने मी तुमच्या वाट्याची लाज सांभाळत फिरत होते.

का विचारलं नाहीत? हा प्रश्न मला सोडत नाही. एक फोन. मी वाऱ्याचा तक्ता काढला असता, अहवाल पंधरा दिवस उशिरा गेला असता. की उत्तर इतकं सोयीचं होतं? पाड्यावरची माणसं उलटून पत्र लिहिणार नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, तुम्ही असं काही ठरवून केलं नसेल. तुम्ही नुसतं 'नंतर' म्हणालात. शहरातल्या कुणाच्या कारखान्याबद्दल ते वाक्य असतं तर तुम्ही 'नंतर' म्हणाला असता का, एवढंच मला सांगा.

मी आपल्या विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी ती पेन्सिलीची ओळ दोनदा वाचली. "गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला," म्हणाले. मी म्हटलं, पाड्यावरची माणसं जिवंत आहेत. मग प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना पत्र लिहिलं. पहिली चूक माझी लिहिली, शेरा कसा चुकला ते. दुसरी तुमची. प्रकल्पप्रमुखांना शंका आली होती, ती तपासली गेली नाही, सोबत पानाची प्रत जोडली आहे. दोन्ही तक्ते जोडले. पत्र पोचल्याची पोच आली आहे, वाक्य मागे घेण्याचा विचार चालू आहे असं कळवलं आहे. विचार किती दिवस चालेल, त्यांनाच माहीत.

हा लेख छापायला देण्याआधी मी काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. 

"त्यांनी तुला मुलीसारखं वागवलं, मंगल."

"हो, काकू."

"मग?"

"म्हणूनच, काकू."

मागे कुकरची शिट्टी झाली. "छापायचं ते छाप," त्या म्हणाल्या. "फोटो मात्र नीट लावा त्यांचा. तो पासपोर्टचा नको, त्यात आजारी दिसतात." मग फोन ठेवला. त्या घरी मला पुन्हा जाता येईल की नाही, मला माहीत नाही. तेही तुमच्याच खात्यात टाकते, सर, मला दुसरीकडे कुठे टाकता येत नाही.

मागच्या रविवारी मी पाड्यावर गेले. सगळ्यांना समाजमंदिरासमोर बोलवायला बाबांना सांगितलं. निघताना ओट्यावर पायात चपला घालता घालता बाबांनी विचारलं, "सर जाताना काय म्हनले? चुकलं म्हनले का?"

बाबांना तुम्ही आवडायचात. मला एक वाक्य खोटं बोलता आलं असतं. सर म्हणाले, माझं चुकलं, बाबांची माफी मागा. बाबांना बरं वाटलं असतं, पाड्यानंही तुम्हाला माफ केलं असतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला लगेच माफ करतात. ओठावर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सर काही म्हणाले नाहीत."

"मंग तू सांग," बाबा म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

मी सांगितलं. वारा, दुपार, काळे कागद, माझा शेरा, तुमची पेन्सिल. लहानूदादा मध्येच म्हणाले, "म्हंजे नाशकाचा धूर, आन् कोयते आमच्या चिमाबायचे!" थोडी माणसं हसली. बरीच हसली नाहीत. एकानं विचारलं, कोयते परत मिळणार का. मी म्हटलं, पत्र गेलंय, माहीत नाही. तो म्हणाला, "पत्र तं पहिलंबी गेलं व्हतं."

मग चिमाबाय उठली. ती कधी मोठ्यानं बोलत नाही.

"तुला कळून किती दिस झालं?"

"पाच महिने."

"आन् आज सांगतीस?"

मी म्हटलं, "भ्याले होते."

"कोनाला? त्या फारेस्टवाल्याला?"

"नाही. सरांना."

"ज्यानं शिकवलं त्यालाच भ्याली व्हय गं," म्हणाली, आणि खाली बसली.

सर, तुम्ही हयात असता तर मी ते पत्र पाठवलं नसतं. तुमच्यासमोर पुन्हा बसले असते, तुम्ही चष्मा पुसला असता, आणि मी गप्प झाले असते. पत्र टाकलं त्या दिवशी पोस्टातून बाहेर पडले तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं की मी पायरीवरच उभी राहिले. तुम्ही गेलात म्हणून मला मोकळं वाटलं. ज्या माणसानं मला चिमटा धरायला शिकवला, माझ्यासाठी कचेरीच्या बाकावर चार तास बसला, तो गेला आणि मला बरं वाटलं. अहवालातल्या वाक्याचं मी कधीतरी विसरेन. ते मागे घेतील, राब पुन्हा भाजले जातील. पण तुमच्या जाण्यानं मला बरं वाटावं, अशी वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत, त्याची माफी मी तुम्हाला देत नाही.

मंगल